ग्लायसिनचा आरएफ तीनदा काढला, तिन्ही वेळा वेगळा आला

पत्र:

ताई नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला पेपर क्रोमॅटोग्राफीचं प्रॅक्टिकल आहे, अमिनो अ‍ॅसिड ओळखायचं. ग्लायसिनचा आरएफ (स्पॉट चढला ते अंतर भागिले सॉल्व्हंट चढला ते अंतर) पुस्तकात 0.26 दिलाय, माझा एकदाही तो आला नाही. पहिल्यांदा 0.21 आला, तेव्हा आधीच्या बॅचने बनवून ठेवलेला सॉल्व्हंट वापरला होता आणि पिरियड संपला म्हणून पेपर लवकर काढावा लागला, सॉल्व्हंट 6.2 सेमीच चढला होता आणि स्पॉट 1.3 वर. दुसऱ्यांदा मैत्रिणीने स्केल पेपरच्या खालच्या कडेला लावून मोजलं, 4.7 भागिले 12, म्हणजे 0.39. अ‍ॅलानिनचा 0.38 असतो मग बाटलीतच अ‍ॅलानिन होतं का? तिसऱ्यांदा पेपर वाळत घालून आम्ही डबा खायला गेलो, आल्यावर सॉल्व्हंट कुठवर चढला होता ते दिसेना, अंदाजाने 9 सेमी धरलं, स्पॉट 2.6, आरएफ 0.29. शिवाय पेपरवर वरच्या बाजूला जांभळे डाग आलेत, जिथे आम्ही काहीच लावलं नव्हतं. आणि अननोनचा (ओळखायला दिलेल्या नमुन्याचा) स्पॉट गोल न येता लांब शेपटीसारखा येतो. लॅबमधले सगळे म्हणतात 0.26 लिही आणि सही घे, सगळे तेच करतात. पण एक्स्टर्नलने विचारलं तर काय सांगू? माझा हातच खराब आहे का?

– एक वाचक

उत्तर:

अगं, हात अजिबात खराब नाहीये, तुझ्या पत्रातच तुझ्या तिन्ही आकड्यांची कारणं लिहिलेली आहेत आणि ती तू स्वतः लिहिलीयस, म्हणजे प्रयोग करताना तुझं लक्ष होतं. 6.2, 1.3, 4.7, 12 हे आकडे तू जपून ठेवलेस हे तर मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण बहुतेक जण फक्त शेवटचा आरएफ लिहितात आणि मग काय चुकलं ते शोधायला हातात काहीच उरत नाही.

आधी 0.39 बघू. आरएफ मोजायचा तो जिथे स्पॉट लावला त्या पेन्सिलच्या रेषेपासून, कागदाच्या कडेपासून नाही. तुमची रेषा कडेपासून 2 सेमी वर असणार, साधारण सगळीकडे तशीच काढतात, तरी पेपर असेल तर एकदा मोजून बघ. तर 4.7 मधून 2 वजा कर, 2.7. 12 मधून 2 वजा कर, 10. आता भागाकार कर, 0.27. बाटलीत ग्लायसिनच होतं गं, अ‍ॅलानिन नव्हतं! फक्त स्केल 2 सेमी खाली लागली आणि एका अमिनो अ‍ॅसिडचं दुसरंच झालं. वरखाली दोन्हीकडे तेवढेच 2 सेमी वाढले तर काय फरक पडतो असं वाटतं, पण भागाकारात फरक पडतो आणि स्पॉट जितका खाली तितका जास्त पडतो. आणि हे दुरुस्त करता आलं ते केवळ कच्चे आकडे होते म्हणून. जर्नलमध्ये 0.39 वर एकच आडवी रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला 0.27 लिही, का बदललं ते एका ओळीत लिही आणि तारीख टाक. व्हाइटनर लावायचा नाही, खोडरबर नाही, पान फाडणं तर नाहीच.

0.29 मात्र वाचवता येत नाही. तिथे सॉल्व्हंट फ्रंटच, म्हणजे सॉल्व्हंट जिथवर चढला ती कडाच, अंदाजाने धरलाय, आणि तो 9 ऐवजी 10 सेमी असता तर त्याच स्पॉटचा आरएफ 0.26 निघाला असता, म्हणजे तुला हवा तोच! बघ किती मोह होण्यासारखं आहे हे, डोळे मिटून 10 लिहिलं की झालं. पण 10 होता का 9 होता का साडेनऊ हे आता कुणालाच कळणार नाही, तेव्हा जर्नलमध्ये सरळ लिही की फ्रंटची खूण केली नाही, रीडिंग धरलं नाही. पेपर चेंबरमधून (ज्या बंद जारमध्ये तो लटकवतो त्यातून) बाहेर काढला की पहिलं काम, अगदी पहिलं, पेन्सिलने फ्रंटवर रेघ मारायची, मग वाळवणं, मग डबा. पेन्सिल हातात धरूनच झाकण उघडावं असं मी म्हणेन. फ्रंट वाकडा असेल तर वाकडाच ट्रेस करायचा आणि प्रत्येक स्पॉटसाठी त्याच्या बरोब्बर वरचं अंतर घ्यायचं.

आता 0.21, इथे दोन गोष्टी एकत्र आल्यात. 6.2 सेमीच्या रनमध्ये स्पॉटचा मध्य ठरवताना 1 मिमी इकडेतिकडे झाला तर आरएफ 0.19 ते 0.23 कुठेही जातो, तू स्वतः भागून बघ. तोच 1 मिमी 12 सेमीच्या रनमध्ये 0.01 पेक्षाही कमी फरक पाडतो. म्हणून फ्रंट निदान 10-12 सेमी चढू द्यायचा. ब्युटेनॉलचं मिश्रण फार सावकाश चढतं, तीन-चार तास धरूनच चालायचं, त्यामुळे प्रॅक्टिकलला आल्या आल्या आधी स्पॉट लावून पेपर चेंबरमध्ये सोडायचा आणि जर्नल, थिअरी, आकृती हे सगळं तो चढत असताना करायचं, बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं, आधी तासभर लिहितात आणि मग पेपरला वेळ उरत नाही.

दुसरी गोष्ट तो आधीच्या बॅचचा सॉल्व्हंट. एन-ब्युटेनॉल आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड एका बाटलीत राहिले की हळूहळू त्यांचं ब्युटाइल अ‍ॅसिटेट व्हायला लागतं, एस्टर तयार होणं तू शिकलीच आहेस, म्हणजे बाटलीवर 4:1:5 (ब्युटेनॉल, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, पाणी) लिहिलेलं असतं पण आत ते प्रमाण उरलेलं नसतं. हे मिश्रण ताजंच बनवायचं. आणि 4:1:5 घेत असाल तर सेपरेटिंग फनेलमध्ये नीट हलवून थर वेगळे होऊ द्यायचे, वरचा थर रनसाठी घ्यायचा, खालचा पाण्याचा थर टाकायचा नाही, तो एका छोट्या बीकरमध्ये चेंबरच्या आत ठेवायचा म्हणजे आतली हवा दोन्ही वाफांनी भरते. काही कॉलेजात 4:1:1 वापरतात, त्यात थर पडत नाहीत, ते सोपं पडतं, पण मग 4:1:5 चे पुस्तकातले आकडे त्याला लावायचे नाहीत. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ग्लेशियल असतं, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कातडीला भाजतं, ते आणि ब्युटेनॉल फ्यूम हूडमध्येच ओतायचं, हूड चालत नसेल तर निदान खिडक्या उघडून आणि चेहरा लांब ठेवून.

आता मला जे खरं सांगायचंय ते. पुस्तकातला 0.26 हा आकडा गाठायचं टार्गेट नाहीये. तो कुणीतरी कुठल्यातरी लॅबमध्ये, ठरावीक कागदावर, ठरावीक टेंपरेचरला मिळवलेला आकडा आहे. कागद म्हणजे सेल्युलोज, त्याने धरून ठेवलेलं पाणी हा या प्रयोगातला एक भाग आणि वर चढणारा सॉल्व्हंट हा दुसरा, अमिनो अ‍ॅसिड या दोघांत वाटलं जातं, पाण्यात जास्त रमलं तर मागे राहतं आणि ब्युटेनॉलमध्ये जास्त गेलं तर पुढे जातं. म्हणून लायसिन 0.14 ला अडकून बसतं आणि ल्युसिन 0.73 पर्यंत पळतं. आता तूच सांग, जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेत ठेवलेला व्हॉटमन नंबर 1 (क्रोमॅटोग्राफीचा आपला नेहमीचा कागद) आणि एप्रिलमधल्या तुझ्या जळगावच्या चाळीसच्या वरच्या कोरड्या उन्हाळ्यातला व्हॉटमन नंबर 1, दोघांत पाणी सारखं असेल का? टेंपरेचर बदललं, चेंबर नीट भरलं नाही, कागद आडवा कापला, प्रत्येक वेळी आकडा थोडा सरकणारच.

म्हणून शेजारी स्टँडर्ड, म्हणजे नाव माहीत असलेलं अमिनो अ‍ॅसिड, लावायचं. त्याच कागदावर, त्याच रेषेवर, त्याच वेळी. एक स्पॉट अननोनचा, एक ग्लायसिनचा, एक अ‍ॅलानिनचा, आणि एक जागा ठेवायची जिथे अननोन आणि तुला संशय असलेलं स्टँडर्ड दोन्ही एकावर एक लावलेत. कागद उकाड्यात असो की थंडीत, सगळ्यांना सारखाच त्रास होतो. अननोन ग्लायसिनच्या बरोबरीने थांबला आणि त्या मिसळलेल्या जागी एकच गोल स्पॉट आला तर तुला जे म्हणायचंय ते तू म्हणू शकतेस, मग तिथे ग्लायसिनचा आरएफ 0.23 आलेला असो की 0.30. स्टँडर्डशिवायचा आरएफ मी तरी ओळख म्हणून धरत नाही.

आणि तेवढं झालं तरी जपूनच बोलायचं बरं का. या सॉल्व्हंटमध्ये सेरिन 0.27, ग्लायसिन 0.26, अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड 0.24 असे खेटून उभे असतात, ल्युसिन आणि आयसोल्युसिन तर जवळजवळ एकमेकांवरच. तेव्हा अननोन ग्लायसिन आहे असं ठोकून न देता 'ग्लायसिनशी जुळतो' असं लिहायचं, आणि खात्रीच हवी असेल तर दुसऱ्या वेगळ्या सॉल्व्हंटमध्ये पुन्हा रन करायचा. ही पद्धत ज्यांनी काढली, कॉन्सडन, गॉर्डन आणि मार्टिन, इंग्लंडमध्ये लीड्सला लोकरीवर संशोधन करणाऱ्या संस्थेत होते, लोकरीच्या प्रोटीनमध्ये कुठली अमिनो अ‍ॅसिड्स आहेत ते त्यांना शोधायचं होतं, त्यांचा शोधनिबंध छापून आला 1944 मध्ये, आणि त्यांनीही चौकोनी कागदावर एका सॉल्व्हंटमध्ये रन करून, कागद काटकोनात फिरवून दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये परत रन केला होता. मार्टिनला आणि त्याच्या आधीच्या कामातला जोडीदार सिंजला 1952 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. फ्रेडरिक सँगर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने इन्सुलिनमधला अमिनो अ‍ॅसिडचा क्रम लावला त्यातही अशा कागदांचा मोठा वाटा होता. तुमच्या कॉलेजातल्या गॅस जारमध्ये लटकवलेला कागद तोच आहे गं, कमी दर्जाचं काही नाही ते.

जांभळे डाग. ते तुमच्या बोटांचे आहेत. घामात अमिनो अ‍ॅसिड्स असतात, सेरिन ग्लायसिन वगैरे, आणि निनहायड्रिनला, म्हणजे स्पॉट दिसावेत म्हणून कागदावर स्प्रे करतो त्या रसायनाला, स्पॉटमधलं ग्लायसिन आणि बोटावरचं ग्लायसिन यात फरक कळत नाही. कागदावरचे बोटांचे ठसे शोधायला पोलिसांच्या लॅबमध्ये हेच निनहायड्रिन वापरतात, 1954 पासून ते माहीत आहे. तेव्हा कागद ग्लोव्हज घालून किंवा चिमट्याने धरायचा, ते नसेल तर फक्त वरची कड, जी नंतर कापून टाकता येईल. कागद ओट्यावर सरळ ठेवायचा नाही, खाली स्वच्छ फिल्टर पेपर घालायचा. डबा खाऊन आलात तर हात साबणाने धुवा. आणि अजून एक, पत्रात तू लिहिलं नाहीस पण विचारून ठेवते, शेजारच्या टेबलावर दुसऱ्या बॅचचं सॉल्ट अ‍ॅनालिसिस चालू असतं का? कारण अमोनियाची बाटली उघडी असली तर निनहायड्रिन मारलेला अख्खा कागद हलका जांभळा होतो आणि स्पॉट त्यात बुडून जातात. स्प्रे करताना ती बाटली बंद करायला लावा.

शेपटी. हे बहुतेक वेळा जास्त माल लावल्यामुळे होतं. आपल्याला वाटतं मोठा स्पॉट लावला तर छान गडद दिसेल, पण कागदाची धरून ठेवायची क्षमता संपते आणि उरलेला माल मागे घसरत येतो. स्पॉट 2-3 मिमीचा, साधारण ज्वारीच्या दाण्याहून लहान. 1 टक्का सोल्यूशनचा 1 मायक्रोलिटर म्हणजे 10 मायक्रोग्रॅम, निनहायड्रिनला तेवढं भरपूर होतं. कॅपिलरी (काचेची बारीक नळी) कागदाला सरळ उभी टेकवायची, टेकली की लगेच उचलायची, दाबायची नाही, कागदाला भोक पडलं किंवा तंतू उपसले की तिथे सॉल्व्हंट वेडावाकडा जातो. सोल्यूशन पातळ असेल तर एकदा टेकवून, गार हवेने वाळवून, परत तिथेच टेकवायचं, ओल्यावर ओलं लावलं की स्पॉट पसरलाच. प्रत्येक सोल्यूशनला वेगळी कॅपिलरी. तुमचा अननोन जर प्रोटीनला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये उकळून केलेला असेल तर शेपटीचं कारण तेही असू शकतं, कारण ते अ‍ॅसिड किंवा ते मारल्यावर झालेलं मीठ स्पॉटमध्ये राहतं आणि सगळं ओढून धरतं, लॅब असिस्टंटना विचारून घे अननोन कसा बनवलाय ते. अमिनो अ‍ॅसिडची सोल्यूशन्स जुनी असतील, तळाशी धाग्यासारखं काही तरंगत असेल तर बुरशी लागलीय, फेकून नवीन करायची, आणि फ्रिजमध्ये ठेवायची.

कागदाला दिशा असते हे तुम्हाला सांगितलंय का माहीत नाही. मशीनवर कागद बनताना तंतू एका बाजूला जास्त लागतात. कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून बघ, तो गोल न पसरता किंचित लांबट पसरेल, ज्या बाजूला लांब ती त्या कागदाची दिशा. सगळ्या पट्ट्या एकाच दिशेने कापायच्या, कुठल्या ते लिहून ठेवायचं. मला हे बघायला दर वेळी मजा येते.

चेंबरचं फार लांबवत नाही. आतून फिल्टर पेपर लावून तो सॉल्व्हंटने भिजवायचा, झाकण लावून निदान अर्धा तास तसंच ठेवायचं, मगच पेपर सोडायचा. सॉल्व्हंट तळाशी 1 सेमी, रेषा 2 सेमीवर, म्हणजे स्पॉट बुडत नाही, बुडला तर सगळा माल खाली विरघळून जातो आणि मग तीन तास वाट बघून कोरा कागद मिळतो. पेपर भिंतीला टेकता कामा नये, तुझा फ्रंट एका बाजूला वर गेला असेल तर तेच झालेलं असतं. मध्ये मध्ये झाकण उघडून कुठवर आलं बघायचं नाही, काचेतून दिसतं. रेषा पेन्सिलनेच, पेनची शाई स्वतःच चढायला लागते.

वाळवताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा वास पूर्ण जाईपर्यंत वाळवायचं. निनहायड्रिन 0.2 टक्के, अ‍ॅसिटोनमध्ये असेल तर आजूबाजूला एकही बर्नर पेटलेला नको, स्प्रे हूडमध्ये, हातात ग्लोव्हज, नाहीतर बोटं काही दिवस जांभळी राहतात आणि तो स्प्रे श्वासात जाणं चांगलंही नाही. कागद ओला ठिबकेल इतकं मारायचं नाही. अ‍ॅसिटोन उडून गेल्यावरच ओव्हनमध्ये, 100-105 डिग्री, पाचेक मिनिटं. प्रोलिन असेल तर जांभळा नाही, पिवळा येतो, त्याला डाग समजून सोडून देऊ नका.

आता 0.26 लिही म्हणणाऱ्यांचं. तू लिहू नकोस. भीती वाटते ते समजतं, सही अडकेल, मार्क जातील, सगळ्यांचा एकसारखा आकडा असताना आपलाच वेगळा दिसेल. पण पन्नास मुलांच्या जर्नलमध्ये पन्नास वेळा 0.26 असेल तर ते बघणाऱ्याला लगेच कळतं गं, असा एकसारखा आकडा कुठल्याच लॅबमध्ये येत नाही. तुमच्या सरांशी भांडायला जाऊ नकोस, त्यांच्याकडे वेळ कमी, जार कमी, बॅच मोठी, हे खरं असतं. त्यांना एवढंच विचार की सर, आमच्या पेपरवर एक स्टँडर्ड ग्लायसिन जास्तीचं लावू का आणि आमचा आकडा आहे तसा लिहू का, शेजारी पुस्तकातला लिहू. याला सहसा कुणी नाही म्हणत नाही, कारण यात कुणाचा वेळ जात नाही. समजा नाहीच म्हणाले, तरी स्वतःच्या वहीत खरे आकडे तारखेसकट ठेव.

एक्स्टर्नलने विचारलं की पुस्तकातला का नाही आला, तर घाबरून माफी मागायची नाही. सांगायचं की आमच्या लॅबचं टेंपरेचर एवढं होतं, सॉल्व्हंट त्याच दिवशी बनवलेला होता, कागद अमुक होता, आणि त्याच कागदावरचं स्टँडर्ड ग्लायसिन इथे आलं, अननोन पण इथेच आला. हे सांगता यावं म्हणून जर्नलमध्ये रन सुरू करतानाचं आणि काढतानाचं टेंपरेचर, वेळ, कागदाचा नंबर, सॉल्व्हंटचं प्रमाण आणि तो कधी बनवला, फ्रंटचं अंतर, स्पॉटच्या मध्याचं अंतर, सगळं सेमीमध्ये, आणि मग आरएफ दोन दशांश स्थळांपर्यंत, तिसरं स्थळ लिहायचं नाही, आपली स्केल तेवढी बारीक नाहीच. शेपटी आली असेल तर ती कुठून कुठपर्यंत आहे तेही लिही, लपवू नकोस.

आणि ओव्हनमधून काढल्या काढल्या प्रत्येक स्पॉटभोवती पेन्सिलने गोल करायचा आणि स्केल बाजूला ठेवून मोबाइलवर फोटो काढायचा, कारण निनहायड्रिनचा रंग उजेडात काही दिवसांत फिका पडतो. परीक्षेपर्यंत टिकवायचा असेल तर कॉपर नायट्रेटचा हलका स्प्रे मारतात, जांभळा जाऊन लालसर होतो आणि तो बराच टिकतो, लॅबमध्ये असेल तर विचार. नसेल तर पेन्सिलचे गोल आणि फोटो पुरेत, पेपर जर्नलला चिकटवताना फक्त वरच्या कडेला गोंद लाव, स्पॉटच्या मागे नको.